संत ऑगस्टीन वाचायचाय? आधी बघा तो कोणाशी वाद घालतोय

ऑगस्टीन वाचायला सुरुवात करायची असेल तर पहिलं काम म्हणजे त्याचं सिटी ऑफ गॉड तूर्तास कपाटात ठेवा. बावीस खंडांचं पुस्तक आहे ते, नाव मोठं म्हणून लोक तेच आधी उघडतात आणि रोमन देवांच्या याद्या वाचता वाचता तिसऱ्या-चौथ्या खंडातच दम निघतो, मग म्हणतात हा माणूस आपल्याला झेपणारा नाही. झेपतो हो. फक्त कुठून शिरायचं ते माहीत पाहिजे आणि वाचताना एक प्रश्न सतत मनात पाहिजे, तो म्हणजे इथे तो कोणाला उत्तर देतोय? कारण ऑगस्टीनने निवांत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत आखीव असं धर्मशास्त्र कधी लिहिलंच नाही, तो एका बंदराच्या गावातला बिशप होता, दिवसभर लोकांचे तंटे सोडवायचे, प्रवचन द्यायचं, आलेल्या पत्रांना उत्तरं सांगून लिहून घ्यायची, आणि त्याची जवळजवळ सगळी मोठी मतं कुठल्या ना कुठल्या वादात तापून निघालेली आहेत. पश्चिमेकडच्या चर्चने पुढे हजार-दीड हजार वर्षं ती मतं उचलली पण वाद मागे पडले, आणि माझ्या मते त्याच्याबद्दलचे निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. इंग्लंडला मिशनरी म्हणून गेलेला कँटरबरीचा ऑगस्टीन वेगळा, तो ५९७ साली तिथे पोचला. आपण बोलतोय तो हिप्पोचा ऑगस्टीन, त्याच्याही दोनशे वर्षं आधीचा, आणि आफ्रिकेतला.

वहीच्या पहिल्या पानावर थोड्या तारखा लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतात. ३५४ साली तागास्ते गावात जन्म, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं सूक अहरास. आई मोनिका ख्रिस्ती, वडील पॅट्रिशियस जुन्या रोमन धर्माचे, मरणाच्या थोडंच आधी ख्रिस्ती झालेले. शिकायला कार्थेजला, तिथे एका बाईबरोबर संसार (तिचं नाव त्याने कुठेच लिहिलेलं नाही), मुलगा अदेओदातुस, आणि साधारण नऊ वर्षं मानी पंथात (त्याबद्दल पुढे येतंच). ३८३ला रोम, ३८४ला मिलानमध्ये वक्तृत्वाचा प्राध्यापक, तिथे बिशप अँब्रोजची प्रवचनं कानावर पडली. ३८६ला बागेतला तो प्रसिद्ध प्रसंग, जिथे त्याचं मन पालटलं, ३८७च्या ईस्टरला अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा, त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ओस्तियाला आई गेली. ३९१ला हिप्पोमध्ये लोकांनी धरून जवळजवळ जबरदस्तीनेच प्रीस्ट केलं, पुढे चार-पाच वर्षांत बिशप. आणि २८ ऑगस्ट ४३०ला मृत्यू, तेव्हा व्हँडल सैन्याचा हिप्पोला वेढा पडलेला होता. हिप्पो म्हणजे आजचं अन्नाबा.

तारखा कशाला म्हणाल तर त्याने मत बदललंय म्हणून. तरुणपणी माणसाच्या स्वतंत्र इच्छेबद्दल त्याने जे लिहिलं तेच पुढे त्याचा विरोधक पेलाजियस याने त्याच्याच विरोधात पुरावा म्हणून वापरलं! ३९६च्या सुमाराला सिम्प्लिशियन नावाच्या जुन्या गुरूने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाबद्दल विचारलं, त्याचं उत्तर लिहिताना ऑगस्टीन फिरला. नंतर तो स्वतःच सांगतो की मी माणसाच्या इच्छेची बाजू घेऊन खूप झटलो पण देवाची कृपाच जिंकली. करिंथकरांस पहिल्या पत्रातलं ४:७ काढून बघा, जे तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ आहे तरी काय, या एका ओळीवर पुढचं सगळं उभं आहे. म्हातारपणी तर त्याने स्वतःची पुस्तकं एकेक करून पुन्हा तपासली आणि कुठे काय चुकलं ते लिहून ठेवलं, त्या पुस्तकाचं नाव रिट्रॅक्टेशन्स. म्हणून कोणी "ऑगस्टीन म्हणतो" असं म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, कुठल्या वर्षीचा ऑगस्टीन?

आता सुरुवात. त्याचं कन्फेशन्स घ्या. तेरा खंड आहेत, ३९७ ते ४०० च्या आसपास लिहिलेले. इंग्रजीत वाचणार असाल तर नेटवर फुकट मिळणारं पुसीचं भाषांतर एकोणिसाव्या शतकातलं आहे, भाषा जुनाट, नवख्या माणसाची वाट लागते, त्यापेक्षा हेन्री चॅडविकचं घ्या, तळटीपांसह आहे आणि बायबलचे संदर्भ तिथल्या तिथे दिलेत. शेजारी मराठी बायबल ठेवाच. एक प्रॅक्टिकल गोष्ट सांगते, ऑगस्टीनच्या लॅटिन बायबलमध्ये स्तोत्रांचे आकडे वेगळे होते, आपलं नववं आणि दहावं मिळून तिथे एकच, त्यामुळे तिथून पुढे बहुतेक ठिकाणी त्याचा आकडा आपल्यापेक्षा एकाने कमी येतो. तो ५० म्हणाला तर तुम्ही स्तोत्रसंहितेत ५१ उघडायचं. हे माहीत नसेल तर संदर्भ जुळत नाहीत आणि माणूस उगाच हैराण होतो. आणि ८.१२.२९ असे आकडे दिसले तर घाबरू नका, खंड, अध्याय, परिच्छेद, एवढंच.

पहिलं पान मोठ्याने वाचा. खरंच, तोंडाने. कारण हे आत्मचरित्र आहे असं समजून वाचलं तर पहिल्या पाच मिनिटांत वैताग येतो, हा माणूस गोष्ट सांगायची सोडून देवाशीच काय बोलत बसलाय! पण ती प्रार्थनाच आहे, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, वाचक बाजूला उभा राहून ऐकतोय. हे एकदा कानात बसलं की मग मधेच येणारे प्रश्न, स्तोत्रांच्या ओळी, उसासे, सगळं जागेवर पडतं.

मग दुसऱ्या खंडातली पेअरची चोरी. इथे थांबा, घाई करू नका. सोळा वर्षांचा ऑगस्टीन, शाळा बंद पडलेली कारण वडिलांकडे पुढच्या शिक्षणाचे पैसे जमत नव्हते, गावातली टवाळ पोरं, रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर खेळणं चाललेलं. त्यांच्या द्राक्षमळ्याजवळ एक पेअरचं झाड फळांनी लगडलेलं. फळं दिसायलाही खास नव्हती आणि चवीलाही नव्हती, हे तो मुद्दाम सांगतो. ही पोरं गेली, झाड हलवलं, ढिगाने फळं उचलली, एखाददुसरं तोंडात टाकलं आणि बाकी सगळी डुकरांपुढे टाकली. घरी याच्याहून चांगली पेअर होती. बस, एवढीच चोरी. आणि त्यावर पानंच्या पानं! मी हे का केलं? भूक नव्हती, गरज नव्हती, मग कशासाठी? चूक करण्यातच मजा वाटली म्हणून? आणि मग शेवटी म्हणतो, एकटा असतो तर मी हे केलंच नसतं.

पुष्कळ वाचक इथे म्हणतात काय हा बाऊ, चार फळांसाठी. आता तो प्रश्न विचारा, हा कोणाला उत्तर देतोय? मानी पंथाला. मानी लोकांचं म्हणणं असं की जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन सत्ता आहेत आणि माणसाच्या हातून पाप होतं ते त्याच्यात शिरलेल्या दुसऱ्या सत्तेमुळे. ऑगस्टीन पाचव्या खंडात कबूल करतो की हे त्याला फार सोयीचं वाटायचं, पाप मी नाही केलं, माझ्यातल्या कुठल्यातरी दुसऱ्या स्वभावाने केलं. आणि तिसऱ्या खंडात तर सांगतो की तोडलेलं अंजीर रडतं आणि त्याची आई, म्हणजे झाडही, दुधाचे अश्रू ढाळतं असल्या गोष्टींवर मी विश्वास ठेवत होतो. हे लक्षात घेऊन पुन्हा पेअरचं झाड वाचा. कुठलाही अंधार आला नव्हता, कुठलीही दुसरी सत्ता नव्हती, मी होतो, माझ्यासोबतची टवाळ पोरं होती आणि माझी इच्छा होती. सातव्या खंडात तो हे नीट मांडतो, वाईट म्हणजे कुठला वेगळा पदार्थच नाही, चांगल्याचा अभाव आहे, चांगल्यातली झीज आहे, आणि हा विचार त्याला मिलानमध्ये प्लेटोवाद्यांच्या लॅटिन भाषांतरांतून सापडला. पुढे थॉमस अक्वायनसपासून आजच्या सेमिनरीतल्या लेक्चरपर्यंत "देव चांगला तर वाईट कुठून" या प्रश्नाला पश्चिमेत जे उत्तर आधी मिळतं ते इथलं आहे.

मग चौथ्या खंडातलं मित्राचं मरण, आठव्यातली बाग आणि नवव्यातली आई, हे कोणी सांगायची गरज नाही, ते स्वतःच वाचून घेतं. बागेच्या प्रसंगात रोमकरांस पत्र १३:१३-१४ उघडतं, ते बायबलात काढून बाजूला ठेवा. दहाव्या खंडापाशी मात्र लोक पुस्तक मिटतात, गोष्ट संपली म्हणून. मिटू नका, प्लीज. दहावा स्मरणशक्तीवर आहे आणि अकरावा काळावर, काळ म्हणजे काय हे कोणी विचारलं नाही तर मला माहीत आहे, विचारणाऱ्याला सांगायला गेलो तर माहीत नाही, हे वाक्य तिथलं. तिथेच तो पाठ असलेलं स्तोत्र म्हणण्याचं उदाहरण देतो, म्हणायला सुरुवात करण्याआधी सगळं स्तोत्र अपेक्षेत असतं, जसजसं म्हणत जातो तसतसं ते आठवणीत सरकत जातं, आणि लक्ष तेवढं आत्ता इथे असतं. पाठ असलेलं कुठलंही काही स्वतः म्हणून बघा, त्याचा मुद्दा लगेच कळतो.

दहाव्या खंडात एक छोटं वाक्य आहे, १०.२९ मध्ये, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. जे तू सांगतोस ते करायची शक्ती दे, आणि मग हवं ते सांग, अशी देवाला केलेली विनंती. हे वाक्य रोममध्ये कोणीतरी पेलाजियससमोर म्हटलं आणि तो भडकला, भांडणच व्हायची वेळ आली, हे ऑगस्टीननेच शेवटच्या वर्षांत लिहून ठेवलंय. पेलाजियस ब्रिटनकडून आलेला, स्वतः कडक शिस्तीने राहणारा माणूस, त्याला वाटलं की सगळं देवानेच द्यायचं तर लोक प्रयत्न कशाला करतील? प्रश्न खोटा नव्हता, आजही कुठल्याही पॅरिशमध्ये हाच प्रश्न विचारला जातो. ऑगस्टीनचं उत्तर असं की माणसाची इच्छाच आजारी आहे, आदामापासून सगळी मानवजात त्या पापात अडकलीय, म्हणून चांगलं करण्याची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. ४१८च्या कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची मतं नाकारली. पण वाद तिथे संपला नाही, एक्लानमचा तरुण बिशप ज्युलियन मागे लागला आणि त्याला उत्तर देता देताच ऑगस्टीन गेला, ते पुस्तक अर्धवट राहिलं.

मूळ पापाबद्दल वाचताना हे डोळ्यांसमोर पाहिजे, कारण या वादात तो जसजसा म्हातारा होत गेला तसतसा कडक होत गेला. बाप्तिस्मा न होता गेलेली तान्ही बाळं दंडातून सुटत नाहीत, फार तर त्यांचा दंड सगळ्यात सौम्य असेल, इथपर्यंत तो गेला. हे वाचून त्रास होतो आणि व्हायलाच पाहिजे, किती शतकं किती आयांनी हे ओझं वाहिलं असेल. मध्ययुगात लिंबोची, म्हणजे स्वर्गही नाही आणि यातनाही नाहीत अशा जागेची, कल्पना आली ती हेच टोक बोथट करायला, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने स्पष्ट म्हटलं की या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तर आदामाचा दोष वारशाने येतो हे कधी घेतलंच नाही, मरण आणि दुबळेपणा वारशाने येतो एवढंच ते म्हणतात. आणि पश्चिमेनेही ऑगस्टीन आख्खा घेतला नाही हे विसरू नका, ५२९ला ऑरेंजच्या परिषदेने सुरुवात कृपेनेच होते हे मान्य केलं, पण देवाने कोणाला वाईटासाठी आधीच ठरवून ठेवलंय हे साफ नाकारलं.

दुसरा वाद डोनाटिस्टांचा, आणि माझ्या मते आपल्या रोजच्या चर्चजीवनावर सगळ्यात जास्त परिणाम याचा आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीच्या छळात ज्या बिशपांनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले त्यांच्या हातचे संस्कार चालणार नाहीत, असं आफ्रिकेतल्या अर्ध्याअधिक ख्रिस्ती लोकांचं म्हणणं. ऑगस्टीन म्हणाला, बाप्तिस्मा देणारा कोणीही असो, खरा देणारा ख्रिस्तच, ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहूदाने दिला तरी ख्रिस्तानेच दिला. आज एखादा फादर वाईट निघाला तरी त्याने दिलेला तुमचा बाप्तिस्मा बाद होत नाही, तो याच उत्तरामुळे. पण याच वादात दुसरंही घडलं. सुरुवातीला तो जबरदस्तीच्या विरोधात होता, मग शाही कायद्याच्या धाकाने लोक परत येताना दिसले आणि त्याने मत बदललं, लूक १४:२३ मधलं लोकांना आत येण्यास भाग पाड हे वाक्य आधाराला घेतलं. ९३ नंबरचं पत्र वाचा, ४०८च्या सुमाराचं. पुढच्या शतकांत छळ करणाऱ्यांनी हेच वाक्य त्याच्या नावाने मिरवलं. देहदंड नको म्हणून त्याने अधिकाऱ्यांना कळकळीने लिहिलेली पत्रंही आहेत, तीही वाचा, पण त्यामुळे ९३ नंबरचं पत्र पुसलं जात नाही.

याचाच जोडीदार म्हणजे त्याचं ते सगळ्यात लाडकं वाक्य, प्रेम कर आणि मग हवं ते कर. स्टेटसला, लग्नपत्रिकेत, सगळीकडे. वाक्य त्याचंच आहे, योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या सातव्या प्रवचनातलं, पण संदर्भ बघा. बाप मुलाला मारतो आणि पोरं पळवणारा गोंजारतो, वरवर बघितलं तर कोण चांगला वाटेल? म्हणजे कृती बघू नका, मूळ बघा, असं तो म्हणतोय, आणि ऐकणाऱ्यांसमोर डोनाटिस्टांचा प्रश्न उभा आहे. वाक्य सुंदरच आहे, पण आता त्याचं वजन कळतं. उलट "मुख्य गोष्टींत एकता, गौण गोष्टींत स्वातंत्र्य, सगळ्यांत प्रेम" हे त्याचं नाहीच, ते सतराव्या शतकातलं आहे. जग हे पुस्तक आहे आणि प्रवास न करणारा एकच पान वाचतो, हेही त्याच्या लिखाणात सापडत नाही. समुद्रकिनारी शिंपल्याने खड्ड्यात समुद्र भरणाऱ्या मुलाची गोष्ट प्रवचनात खूप ऐकायला मिळते, गोड आहे, पण ती नंतरची दंतकथा. खंड आणि परिच्छेदाचा आकडा मिळाल्याशिवाय त्याच्या नावाचं वाक्य फॉरवर्ड करू नका.

आता सिटी ऑफ गॉड काढा. ४१०ला अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं, जुन्या धर्माचे लोक म्हणाले बघा, देव सोडले म्हणून ही वेळ आली. ४१३ ते ४२६ त्याचं उत्तर चाललं. पहिले दहा खंड या लोकांना उत्तर, पुढचे बारा दोन नगरांची कथा. सुरुवात १४.२८ पासून करा, दोन प्रेमांनी दोन नगरं उभी केली, देवाला तुच्छ लेखण्यापर्यंत गेलेलं स्वतःवरचं प्रेम आणि स्वतःला विसरण्यापर्यंत गेलेलं देवावरचं प्रेम. मग ४.४, न्याय नसेल तर राज्यं म्हणजे मोठ्या दरोडेखोर टोळ्याच, आणि तिथला तो समुद्री चाचा, जो अलेक्झांडरला तोंडावर सांगतो की मी एका होडीने करतो म्हणून चोर, तू आरमाराने करतोस म्हणून सम्राट. मग एकोणिसावा खंड, शांतीवरचा. एवढं झालं की बाकीचं पुस्तक आपोआप ओढून घेतं.

त्याचा प्रभाव शोधायचा तर रिफॉर्मेशनचा काळ घ्या, म्हणजे सोळाव्या शतकात पश्चिमेचं चर्च फुटून प्रोटेस्टंट वेगळे झाले तो, तिथे तो दोन्ही बाजूंना दिसतो. ल्यूथर १५०५ला एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठातच दाखल झाला होता, कॅल्व्हिन पानोपानी ऑगस्टीनचे दाखले देतो, आणि त्यांच्या विरोधात उभी राहिलेली कॅथलिकांची ट्रेंटची परिषदही त्याच्याच आधारावर बोलते. ल्यूथरने त्याची कृपा घेतली, रोमने त्याची कृपा आणि त्याचं चर्च दोन्ही घेतलं, आणि दोघांनाही वाटत होतं की तो आपला. कॅथलिकांच्या आतही १६४०ला यान्सेनचं ऑगस्टिनुस नावाचं पुस्तक आलं आणि फ्रान्समध्ये शंभर वर्षं वाद पेटला. आत्ताचे पोप लिओ चौदावे ऑगस्टिनियन आहेत, ८ मे २०२५ला बाल्कनीतून त्यांनी स्वतःची ओळख संत ऑगस्टीनचा पुत्र अशीच करून दिली, आणि तुमच्यासोबत मी ख्रिस्ती, तुमच्यासाठी मी बिशप हे ऑगस्टीनचं वाक्य म्हटलं.

गोव्याला जाणार असाल तर जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या चर्चपाशी न थांबता वर मोन्ते सांतोच्या टेकडीवर जा. ऑगस्टिनियन साधू १५७२ला गोव्यात आले, तिथे त्यांचं अवर लेडी ऑफ ग्रेसचं प्रचंड चर्च होतं. कृपेच्या मातेचं, हे लक्षात घ्या. १८३५ला मठ बंद केला, १८४२ला छत कोसळलं, आज ४६ मीटरच्या मनोऱ्याचा उरलेला भाग उभा आहे. समोरच सांता मोनिकाचा मठ, साध्वींचा, त्याच्या आईच्या नावाचा.

कन्फेशन्स संपल्यावर पुढे एन्किरिडिऑन घ्या, ४२१च्या सुमाराचं छोटं पुस्तक आहे, विश्वास, आशा आणि प्रीती यांवर, त्याचं सगळं म्हणणं थोडक्यात तिथे एकत्र मिळतं. सोबत आठवड्याला एक प्रवचन वाचत राहा, त्यात तो साध्या कोळी-कामगारांशी बोलतो आणि पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी मऊ असतो. ऑन द ट्रिनिटी सगळ्यात शेवटी, पंधरा खंड आहेत, त्यातही आधी आठवा, प्रेम करणारा, ज्याच्यावर करतो तो, आणि प्रेम, हे त्रिकूट तिथे येतं, मग दहावा, स्मरण, समज आणि इच्छा यांचा, आणि मग पंधरावा, जिथे तो स्वतःच सांगतो की ही सगळी उदाहरणं देवापुढे अपुरी पडतात आणि युक्तिवाद सोडून पुन्हा प्रार्थनेकडे वळतो. हा पंधरावा एका बैठकीत वाचून होत नाही, दोन-तीन संध्याकाळी ठेवा.